सुनेच्या हातात आलेला वस्तरा

मला उघडायची घाई करू नका, मित्रांनो. माझी धार अजून शाबूत आहे आणि तुमची बोटं कोवळी आहेत. मी एक जुना वस्तरा. मूठ जर्दाळूच्या लाकडाची, पातं पोलादाचं, दोन्ही जोडणारी एक छोटी पितळी खिळी. हल्ली मी एका लाकडी पेटीत तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून पडलेला असतो. मला ना हात, ना पाय, ना तोंड. माझ्या आयुष्यात जे घडलं ते माझ्यासमोर घडलं, पुष्कळसं तर माझ्याच धारेखाली घडलं, आणि त्यातलं काही म्हणजे काही मला थांबवता आलं नाही. तेवढंच सांगतो.

माझा जन्म इस्तरवशान नावाच्या जुन्या शहराच्या बाजारातला. तिथे सुऱ्या करणाऱ्या लोहारांची एक अख्खी ओळ आहे. त्या ओळीतल्या उस्ता सोदिकने एक झिजलेली कानस तापवून, ठोकून मला घडवलं. उस्ता म्हणजे हातातली विद्या पुरती आलेला कारागीर. लालबुंद असताना मला तेलात बुडवलं तेव्हा मी असा किंचाळलो की समोरच्या नानवाल्याच्या हातून नान पडला, असं उस्ता सोदिक येईल त्याला सांगायचा. तो थोडं वाढवूनच सांगायचा, पण ते ऐकायला मला आवडायचं.

तिथून मी गेलो उस्ता नियाझकडे. उस्ता नियाझ आमच्या मोहल्ल्याचा न्हावी. चहाखान्याला लागून, चिनाराच्या सावलीत त्याचं छोटंसं दुकान होतं. माणूस तोंडाने फटकळ आणि हाताने लोण्यासारखा. शिकाऊ पोरांना तो अगोदर वस्तरा देतच नसे. हातात पियाला आणि ब्रश देऊन म्हणायचा, "आधी फेस कर." पोरं जोरजोराने ब्रश फिरवत, बुडबुडे उडवत. मग उस्ता ओरडायचा, "दाढीचा फेस करतोयस की सतरंजी धुतोयस? पाणी थेंबाथेंबाने घाल, गाढवा!" चहाखान्यातली माणसं हसायची. पोराचे कान लाल व्हायचे.

मोहल्ल्यातली सगळी सुखदुःखं माझ्याखालून गेली म्हणा ना. मूल झालं की त्याचं पहिलं जावळ मी काढायचो. लग्नाच्या आधी नवऱ्या मुलाला मधोमध बसवून त्याची हजामत होई, बायका डफ वाजवत, मित्र चिडवत, "उस्ता, मिशी ठेवा हं, घरात हुकूम चालवायला लागेल!" आणि वरून मिठाई उधळली जाई. आमच्याकडे घरात मरण झालं की पुरुष दाढीला वस्तरा लावत नाहीत. दुखवटा संपला की मग वडीलधारे त्यांना उस्ताकडे घेऊन यायचे. ती वाढलेली, धुळकट दाढी काढताना उस्ता नियाझ एक शब्द बोलत नसे. अशा वेळी फेसही तो नेहमीपेक्षा दाट करायचा.

मग दिवस पालटले. प्लास्टिकचे रेझर आले. एकदा वापरायचे आणि फेकून द्यायचे. विजेवर गुरगुरणारी यंत्रं आली. शिकाऊ पोरं एकेक करून कामाला रशियात निघून गेली, त्यांच्या मागोमाग गिऱ्हाइकंही गेली. उस्ताने दुकान बंद करून मला घरी आणलं आणि बैठकीच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवलं. त्याचा मुलगा अनुशेर मला कधी शिवला नाही. "बाबा, मला ते गळ्याशी पातं बघूनच कसंतरी होतं," म्हणायचा. तरी त्याच्या लग्नात मीच हवा असा उस्ताने हट्ट धरला. आपल्या मुलाची हजामत त्याने स्वतः केली. त्या दिवशी त्याच्या बोटांना किंचित घाम आला होता.

सून आली ती सबोहत. सावळी, उंच, पायांचा आवाज न करता चालणारी. आमच्या घरची रीत अशी की नव्या सुनेने सासऱ्यासमोर पदर पुढे ओढून राहायचं आणि तो स्वतः "बोल, पोरी" म्हणेपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. लग्नाची मिठाई संपायच्या आत अनुशेर रशियाला गेला. सबोहत सासऱ्याला चहा द्यायची, नान मोडून पुढे ठेवायची, सगळं मुक्याने. उस्ता काही दिवस वाट बघून ते दोन शब्द म्हणणार होता. पण त्याआधीच एका सकाळी अंगणात हात धुताना तो कोसळला. अर्धांगवायूचा झटका होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

आता त्या खोलीत आम्ही तिघं मुके होतो, मित्रांनो. उस्ता बोलू शकत नव्हता, सुनेला बोलायची मुभा नव्हती आणि मी तर मीच. बोलायची ती एकटी सनोबर बीबी, उस्ताची बायको, आणि ती सगळ्यांच्या वाटचं बोलायची.

त्याच सुमारास अनुशेरचे फोन येईनासे झाले. आधी दर शुक्रवारी यायचे, मग कधीमधी, मग नाहीच. बीबीने लावला तर लागायचा नाही, आणि परमुलखात काळजी नको म्हणून झटक्याचं तिने त्याला आधी कळवलंच नव्हतं. बीबी फोन परकराच्या खिशात घालून फिरायची. इकडे उस्ताची दाढी वाढत चालली. कोणाचं लक्ष नव्हतं, पण माझं होतं. ज्या माणसाचा गाल मी कधी दुपारपर्यंतसुद्धा खरखरीत होऊ दिला नव्हता, त्याच्या गालावर रान माजलं होतं. मी कोनाड्यात पडून ते बघायचो.

मग एके दिवशी शेजारची मुकद्दस दूध घेऊन आली. दारातच तिला उस्ताचा चेहरा दिसला आणि तिने तोंडावर हात नेला.

"अगं बाई! कोण गेलं, बीबी?"

"कोण जाणार? कोणी नाही गेलं!"

"नाही, ते दाढी बघून वाटलं... अनुशेरचा काही निरोप..."

"दूध ठेव आणि चालती हो!" बीबी कडाडली. "माझ्या जित्या पोराचा दुखवटा करायला निघालीय! जीभ झडेल तुझी!"

मुकद्दस गेल्यावर बीबी भिंतीला टेकून बसली आणि हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, "अहो, ऐकताय ना? माझा पोरगा जिवंत आहे. त्याचा फोन येईपर्यंत तुमच्या तोंडावर एक केस ठेवायची नाही मी. या घरात दुखवट्याची दाढी वाढणार नाही." उस्ताने डोळे मिटून उघडले. तो त्याचा होकार होता.

बसस्टँडजवळ शोकिर नावाचा एक न्हावी होता. बीबीने त्याला बोलावलं. तो यंत्र घेऊन आला, त्याची वायर भिंतीत खुपसली आणि म्हणाला, "काळजीच सोडा, बीबी. चहा गाळेपर्यंत होतंय." यंत्र गुरगुरलं तसं उस्ताने मान फिरवली. शोकिरने ती सरळ केली. उस्ताने पुन्हा फिरवली. शेवटी घाईघाईने इथे थोडं, तिथे थोडं करून शोकिर निघून गेला. गालभर ठिपके ठिपके राहिले.

"बकरी चरून गेल्यासारखं केलंन मेल्याने," बीबी म्हणाली. उस्ताच्या चांगल्या डोळ्यातून पाणी ओघळून कानाकडे गेलं. आयुष्यभर दुसऱ्यांना स्वच्छ करून घरी पाठवणाऱ्या माणसाची ही गत बघून माझा जीव तुटत होता. पण कोनाड्यातून उडी मारून मी काय करणार होतो?

मग बीबीनेच मला उचललं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि हाताला कंप. मी तिच्या हातात थरथरत होतो आणि उस्ताने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तेवढ्यात दारातून हळूच आवाज आला.

"आई, द्या इकडे."

"तू?" बीबी वळली. "सासऱ्याच्या तोंडाला हात लावणार तू?"

"हात नाही लावत. फडकं धरीन मध्ये."

"आणि कधी वस्तरा धरलायस?"

"सुरी धरतेच की रोज."

बीबीने मला खाली ठेवलं आणि सबोहतने उचललं. आमच्याकडे पातं कोणी कोणाच्या हातात देत नाही, वैर होतं म्हणतात. तिच्या बोटांना कांद्याचा वास होता. मूठ तिने अगदी स्वयंपाकघरातल्या सुरीसारखी आवळली. मला तेव्हाच भीती वाटली.

पुढे जे झालं ते सांगताना आजही माझ्या धारेवर काटा येतो. तिने अंगठ्याच्या नखावर मला तपासलं. बरेच दिवस पडून राहिल्याने मी थोडा सुस्तावलो होतो. मला फक्त चामड्याचा पट्टा हवा होता, तो समोरच खिळ्याला लटकत होता. पण आमच्या बायका सुरी बोथट झाली की काय करतात, ठाऊक आहे? शुरब्याचा, म्हणजे मटणाच्या रश्शाचा, वाडगा पालथा घालतात आणि त्याच्या बुडाच्या खरबरीत कड्यावर सुरी घासतात. आईने तसं केलं, आजीने तसं केलं, तिनेही तसंच केलं. वाडगा पालथा घातला आणि मला त्यावर खसाखसा ओढलं.

मी मनातल्या मनात टाहो फोडला. केसाहून बारीक अशी माझी धार त्या कड्यावर करवतीसारखी झाली. उस्ताने ते पाहिलं. त्याच्या घशातून "आ... आ..." असा आवाज निघाला, डावा हात गादीवर आपटू लागला.

"वाडगा बघितला ना, शुरबा मागतायत," बीबी म्हणाली. "आण गं जरा गरम करून."

सबोहत शुरबा घेऊन आली. उस्ताने तोंड घट्ट मिटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आम्हा दोघांना सगळं कळत होतं आणि दोघांचाही काही उपयोग नव्हता.

मग तिने कपडे धुण्याचा तपकिरी साबण गरम पाण्यात खळबळून त्याचं पातळ पाणी गालाला लावलं. मोठमोठे बुडबुडे आले आणि फुटून गेले. फडक्याने गाल धरला, फडकं सटकलं. मी जबड्याखाली जाऊन रुतलो. रक्त आलं, मित्रांनो. ज्या माणसाने मला घडीभरसुद्धा ओला ठेवला नाही, त्याचं रक्त माझ्या पात्यावर होतं.

"मारलंस! मारलंस गं त्यांना!" बीबी किंचाळली. सबोहत पांढरीफटक पडली. तिने फडकं जखमेवर दाबून धरलं आणि तशीच बसून राहिली. जखम मोठी नव्हती. पण उस्ता तिच्याकडे रागाने बघत नव्हता, तो माझ्या धारेकडे बघत होता. ते तिच्या लक्षात आलं. तिने मला उजेडात धरलं आणि पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मला फडक्यात बांधून लोहारांच्या ओळीत घेऊन गेली. उस्ता सोदिक केव्हाच गेला होता. त्याचा नातू बहरोम दुकान चालवतो. त्याने मला भिंगाखाली धरलं आणि कपाळाला हात लावला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"कशावर?"

"वाडग्याच्या बुडावर."

बहरोम इतका हसला की शेजारच्या दुकानातले दोघे उठून बघायला आले. "वहिनी, वस्तरा आहे हो हा! म्हाताऱ्याला चिरून पुलावात घालायचं होतं का?"

सबोहतने पदर तोंडावर ओढला. तिचे खांदे हलत होते. बहरोमला वाटलं ती रडते आहे. पण ती हसत होती, सून होऊन आल्यापासून पहिल्यांदाच हसत होती. हसता हसता खरंच रडली. बहरोमने मला ओल्या सहाणेवर घासून पुन्हा माणसांत आणलं आणि पट्टा भिंतीला अडकवून तिला दाखवलं, "पाठ पुढे, धार मागे. सुरीच्या अगदी उलट. पट्ट्याच्या टोकाला पोचलात की पाठीवरून उलटवायचा, धारेवरून नाही. आणि जोर लावायचाच नाही. वस्तऱ्याला घाई केलेली कळते."

घरी येऊन तिने पट्टा उस्ताच्या गादीसमोरच टांगला. ती मला त्यावर फिरवू लागली, जा-ये, जा-ये. थोड्या वेळाने मी पाहिलं, उस्ताचं डावं बोट गादीवर ठेका धरत होतं. तिचा हात बरोबर चालला की बोट चालायचं. चुकीचं वळवलं की बोट थांबायचं. तिला हे कळायला वेळ लागला नाही. ती बोटाकडे बघून हात चालवू लागली. ज्या माणसाने अर्ध्या मोहल्ल्याला शिव्या देऊन शिकवलं, तो आता एका बोटाने शिकवत होता. मी पट्ट्यावर मऊ होत होतो आणि मला रडू येत होतं.

धार लागली, पण फेस काही जमेना. न्हाव्याचा पांढरा साबण तिने उस्ताच्या जुन्या पेटीतून शोधून काढला. तरी कधी तो पाण्यासारखा वाहायचा, कधी कोरडा पडून गालाला चिकटायचा. उस्ताचं बोट सारखं थांबायचं. बीबी वैतागायची, "अगं, साबणच आहे तो, लाव आणि मोकळी हो!"

एका दुपारी सबोहत पियाला मांडीवर घेऊन नुसतीच बसली होती. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने ब्रश पाण्यातून काढून झटकला, पियाला तिरका धरला आणि मनगट सैल सोडून सावकाश फिरवायला लागली. मध्येच बोटाने एकच थेंब पाणी. पुन्हा फिरव. पुन्हा थेंब. रमझानात आमच्याकडे अंड्याचं पांढरं आणि साखरेचा पाक घोटून घोटून निशोल्ला करतात, बर्फासारखा पांढरा, चमचा उभा राहील इतका दाट. तिच्या माहेरी तो तीच घोटायची. हात तोच होता.

"रमझान लांब आहे अजून," बीबी म्हणाली. "निशोल्ला कोणासाठी चाललाय?"

सबोहतने पियाला उस्तासमोर नेला आणि पालथा केला. फेस जागचा हलला नाही. उस्ताच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. अर्धंच हसू, कारण अर्धंच तोंड त्याच्या ताब्यात होतं. डावं बोट गादीवर नाचू लागलं.

आता एकच अडचण उरली. मेलेल्या बाजूचा गाल सैल पडला होता. त्याला ताणून धरल्याशिवाय मला त्यावरून सरकता येत नव्हतं, आणि फडकं तर सटकत होतं. सबोहतने बीबीकडे पाहिलं. बीबी जागची उठली. मग खिडकीकडे तोंड करून बसली.

"मला काही दिसत नाही गं," ती म्हणाली. "मोतीबिंदू आहे मला."

सबोहतने उघड्या बोटांनी सासऱ्याचा गाल ताणला. गरम पाण्याचं फडकं ठेवून केस मऊ केलेले होते, फेस दाट होता. तिने मला गालावर जवळजवळ निजवलं आणि केसांच्या वळणाने खाली ओढलं. मी सरकलो. कित्येक महिन्यांनी मी पुन्हा तसा सरकलो. फेसाखालून उस्ताचा गाल निघाला, फिका, सुरकुतलेला, पण स्वच्छ. बीबी वळून बघायला लागली. तिने उठून तळहाताने तो गाल चाचपला.

"लग्नातल्यासारखे दिसताय," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर दर गुरुवारी सकाळी आमचं काम चालायचं. मुकद्दस मुद्दाम डोकावून जायची आणि बीबी मुद्दाम दार उघडं ठेवायची. दाढी झाली की बीबी खिशातला फोन काढून बघायची. चेहरा स्वच्छ असला की फोन येईल असं तिने मनाशी धरलं होतं. सबोहतही तिरक्या नजरेने त्या फोनकडे बघायची. तिचं तर सगळंच त्या फोनवर होतं.

आणि फोन आला. गुरुवारच होता. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता आणि मी सबोहतच्या हातात होतो.

"अनुशेर! बाळा! कुठे होतास रे तू?" बीबीला फोन कानाला नीट लावता येत नसे, म्हणून तो स्पीकरवरच असायचा. सगळी खोली ऐकत होती.

"बरा आहे, आई. बाबा कसे आहेत?"

"बाबांना झटका आला रे! वाचा गेली. सबोहत बघते त्यांचं सगळं, दाढीसुद्धा करते, तू बघशील तर..."

अनुशेरने तिला पुढे बोलू दिलं नाही. मग तो म्हणाला, "आई, मी परत नाही येणार. इथे माझं घर झालंय. मूल होणार आहे."

"काय बोलतोस?"

"ती आहे का तिथे? तिला ऐकू जाऊ दे."

"अरे थांब... अनुशेर, थांब..."

त्याने तो शब्द तीनदा म्हटला. तलाक, तलाक, तलाक. तो भरभर बोलत होता, जणू कोणी मागे उभं राहून घाई करत होतं. मग फोन बंद झाला.

उस्ताच्या घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज झाला. त्याला ओरडायचं होतं. त्या पोराला चार शिव्या हासडायच्या होत्या, नाही तर त्याला थांबवायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा निघाली. मी सबोहतच्या बोटांत होतो. तिची बोटं गार पडली होती. मला वाटलं आता मी खाली पडणार.

"ठेव गं तो," बीबी जमिनीवर बसत म्हणाली. "ठेव. आता कशाला? कोणासाठी?"

डोक्यावरून पुढे ओढलेला पदर सबोहतने मागे टाकला. आता ती कोणाची सून नव्हती आणि कोणाच्या मुभेची वाट बघायचं तिला कारण नव्हतं. उस्ताने तिचा पूर्ण चेहरा पहिल्यांदा पाहिला.

"बाबा," ती म्हणाली, "मान थोडी वर करा."

त्याने मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फेस पातळ होत होता. तिने फडक्याने गाल टिपला, पियाला पुन्हा घेतला, थेंबाथेंबाने पुन्हा फेस केला आणि राहिलेला गाल पूर्ण केला. एक केस मागे राहिला नाही. उस्ता नियाझने स्वतःची दाढीसुद्धा इतकी नीट कधी केली नसेल.

काही दिवसांनी तिचा भाऊ तिला न्यायला आला. अंगणात येऊनही तो बसला नाही. "चहा नको, काही नको. गाठोडं बांध," एवढंच म्हणाला. सबोहतने गाठोडं उस्ताच्या गादीजवळ आणून बांधायला घेतलं. तेव्हा उस्ताने डावा हात उशाशी नेला. मी तिथे होतो. त्याने मला कष्टाने उचललं आणि तिच्या उघड्या गाठोड्यात, कपड्यांवर ठेवलं.

"अहो, हे काय?" बीबी म्हणाली. "मग तुमचं कोण करणार?"

उस्ताने डोळे मिटून घेतले आणि ती निघेपर्यंत उघडले नाहीत. मला जायचं नव्हतं, मित्रांनो. मला त्या म्हाताऱ्याच्या उशाशीच गंजून पडायचं होतं. पण वस्तऱ्याला कोण विचारतं? गाठोड्याची गाठ पडली आणि मला अंधार झाला.

आता मी सबोहतच्या माहेरी आहे. तिच्या भावाने बजावलं आहे, त्या घराच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. मध्यंतरी बाजारात तिला मुकद्दस भेटली. मी तिच्या पिशवीत होतो, बहरोमकडून धार लावून परत येत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"उस्ताला ओळखणार नाहीस तू," मुकद्दस सांगत होती. "दाढी छातीवर आलीय. शोकिर आला तर त्याला हात लावू देत नाही. लोक येतात, विचारतात, कोण गेलं हो?"

"मग आई काय म्हणतात?"

"काही नाही. मान खाली घालते आणि चहा ओतते."

तरीही दर गुरुवारी सकाळी सबोहत पाणी तापवते. मला पट्ट्यावर फिरवते, पाठ पुढे, धार मागे. पियाल्यात साबण घेते आणि सावकाश घोटत बसते. तिची भावजय चिडवते, "आज कोणाची दाढी आहे गं, सबोहत?" फेस दाट झाला की सबोहत पियाला पालथा करून बघते. तो पडत नाही. मग ती अंगणातल्या नळाखाली तो धुऊन टाकते, मला पुसते, तेल लावते आणि पेटीत ठेवते.

माझी आबाळ होत नाही, मित्रांनो. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगायला मी आलेलो नाही. माझी काळजी पुष्कळ घेतली जाते. तेल आहे, फडकं आहे, धार आहे, दाट फेस करणारा हात आहे. फक्त ज्या चेहऱ्यासाठी हे सगळं शिकलं गेलं, तिथवर आम्हाला जाता येत नाही. तुमच्या घरात असा एखादा चेहरा असेल, हात चालत नसल्याने ज्याची दाढी वाढली आहे, तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये कोणाचा उंबरा नाही. तुम्हाला येत नसेल तर तो शिकवील, एका बोटाने का होईना. जा, त्याच्यासाठी पाणी गरम करायला ठेवा.